कुंदाताई, मी आणि पांढऱ्या तळ्याकाठचे घोडे

वर्ध्याला परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "घोडे दिसले का?" दिसले, म्हणते मी. मग फोटो दाखवा म्हणतात. फोटो एकही नाही. शाळेतल्या एका बाईंनी तर तोंडावर सांगितलं, "लडाखला जाऊन फोटो नाही, म्हणजे तुम्ही गेल्याच नाही म्हणा." फोटो का नाही हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं, आणि दोन तासांच्या मधल्या वेळात ते होत नाही. म्हणून लिहून काढते.

मी इथल्या एका शाळेत भूगोल शिकवते. थंड वाळवंटाचा धडा दरवर्षी येतो. वाळवंट आणि थंड, हे आमच्या मुलांना पटत नाही. मे महिन्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा घालून फिरणाऱ्या गावातली मुलं ती, त्यांना कोरडं म्हणजे तापलेलंच वाटतं. मीही तो धडा पाठ म्हटल्यासारखा शिकवत आले. मग गेल्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, तो सैन्यात आहे, मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. ट्रकच्या खिडकीतून घेतलेला. पिवळसर, उघडं माळरान, आणि ट्रकच्या बरोबरीने पळणारी तांबूस जनावरं. पोटं पांढरी, पाय पांढरे. धूळ उडतेय आणि ती पळताहेत, कुठेही न वळता. खाली त्याने लिहिलं होतं, "मॅडम, इकडचे जंगली घोडे."

तो व्हिडिओ मी इतक्या वेळा पाहिला की माझा नवरा, प्रभाकर, वैतागला. मी कणीक मळताना पाहायची, ऑटोत पाहायची, पेपर तपासताना मध्येच पाहायची. माझ्या अंगात काहीतरी शिरलं होतं. एका जागी बसवत नव्हतं. मुलगी बंगलोरला नोकरीला गेलेली, घर आवरलेलं, आणि मी या खोलीतून त्या खोलीत उगाच चकरा मारायची. एक दिवस जेवताना म्हटलं, "मी लडाखला जाणार आहे. घोडे पाहायला."

प्रभाकरने हातातला घास खाली ठेवला. "तिकडं धड श्वास घेता येत नाई म्हणतात. इथं काय कमी पडून राह्यलं तुले?"

काय कमी पडतं ते मला त्याला सांगता आलं नाही. पण त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात त्याची मोठी बहीण, कुंदाताई, उभी होती, भाजीची पिशवी घेऊन. ती म्हणाली, "मले घेऊन चाल."

कुंदाताई आंजीला राहते. मोठी आंजी. एकटी राहते, लग्न केलं नाही, का केलं नाही ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. गावाबाहेर विहिरीचं वावर आहे, त्यात वांगी, भेंडी, गवार, सांभार म्हणजे कोथिंबीर करते, पिकात शिरणारे रोही, म्हणजे नीलगाई, हाकलते आणि माल वर्ध्याच्या बाजारात पाठवते. साठीला आली आहे. मागच्या हिवाळ्यात ती वावरात पडली. पाय मुरगळला, उठता येईना. सकाळची पडलेली बाई दुपारी कोणीतरी पाहिली. तेव्हापासून प्रभाकरची झोप उडाली होती. तिने वावर विकून आमच्याकडे राहायला यावं असं त्याने दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा ती चहा न पिता उठून गेली.

आता ती माझ्याबरोबर निघाली म्हटल्यावर त्याचा विरोध एकदम मावळला. तपासण्या करून आणल्या, गोळ्या आणल्या, दोघींना लोकरीच्या टोप्या आणल्या. सेवाग्राम स्टेशनवर गाडी यायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिकडं निवांत असाल तवा तिले सांगजो. माह्यं थे ऐकत नाई. तुह्यं ऐकीन."

अशी मी निघाले. डोक्यात घोडे, आणि पोटात हा निरोप.

लेह

विमानातून उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही, की ऊन आपलंच होतं, सावली परकी होती. उन्हात कातडी भाजत होती आणि भिंतीच्या आडोशाला गेलं की दात वाजत होते. आम्ही उतरलो ते एका कुटुंबाचं घर होतं, वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या आणि खाली भाजीचा मळा. घरमालकीण आंगमो हिने दारातच बजावलं, "दो दिन सिर्फ़ आराम. चढ़ना नहीं, दौड़ना नहीं."

कुंदाताईला ते फार सोपं गेलं. सकाळी उठून पाहते तर ती खाली मळ्यात आंगमोबरोबर तण काढत बसलेली. दोघींची हिंदी दोन वेगळ्या टोकांची, पण गाडी अडत नव्हती.

"ये क्या लगाया है बाई?"

"शलगम. वो मूली. वो पालक."

"अच्छा पालक आया है. हमारे यहाँ नवतपे में पालक जल के जाता है."

"नवतपा क्या?"

यावर कुंदाताईने हातवारे करून वर्ध्याचा उन्हाळा समजावला. आंगमोने कपाळाला हात लावला. मग तिने सांगितलं की इथे अर्धं वर्ष जमीन दगडासारखी गोठलेली असते, भाज्या खड्ड्यात पुरून ठेवाव्या लागतात. आता कुंदाताईने कपाळाला हात लावला.

मी गच्चीवर चकरा मारत होते. समोर डोंगर, मागे डोंगर, आणि मी इथे मुळ्याच्या वाफ्यांवर नजर ठेवून. दुसऱ्या दिवशी दुपारी मला राहवेना. फिरून येते असं सांगून मी गावामागच्या टेकडीवर गेले. वर एक पांढरा स्तूप दिसत होता आणि तिथवर पायऱ्या होत्या. थांबत थांबत चढले, छाती भात्यासारखी चालत होती. वर पोचले तेव्हा खूप खुशीत होते. खाली उतरले तेव्हा डोकं दुखायला लागलं होतं. गोळी घेतली आणि कोणाला काही बोलले नाही. बोलले असते तर आंगमोने आणखी दोन दिवस बसवून ठेवलं असतं.

सिंधूच्या काठाने

आमच्या गाडीचा चालक नोर्बू. तिशीतला, कमी बोलणारा, वळणावर हॉर्न वाजवून स्वतःशीच काहीतरी पुटपुटणारा. रस्ता सिंधूच्या काठाकाठाने जातो. नकाशात निळी रेघ काढून मी जी नदी शिकवली ती हिरवट होती, आणि तिचा आवाज गाडीच्या काचेतून आत येत होता. दोन्ही बाजूंचे डोंगर जांभळे, मातकट, मध्येच शेवाळी. पण ते शेवाळ नव्हे, दगडाचाच रंग.

"येवढं पाणी अन् झाड एक नाई," कुंदाताई म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली. तिला ते बघवत नव्हतं.

चढ लागला तशी मागच्या सीटखाली ठो करून आवाज झाला. नोर्बूने कचकन ब्रेक लावला, टायर गेलं समजून खाली उतरून चारही चाकं पाहिली. चाकं ठीक होती. वर्ध्याहून नेलेल्या चिवड्याचं सीलबंद पाकीट फुगून फुटलं होतं. हवा विरळ झाली की असं होतं, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. चिवडा गाडीभर झाला. नोर्बू मूठभर खाऊन पाहून म्हणाला, "अच्छा है, लेकिन डराता है." पुढचा सगळा प्रवास आमच्या पायाखाली पोहे कुरकुरत होते.

चुमाथांगला गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे डाळभात खाल्ला. कुंदाताई नदीकाठी पाय सोडून बसली, जिथे गरम आणि थंड पाणी एकत्र होतं तिथे. तिचा मुरगळलेला पाय तिने बराच वेळ पाण्यात ठेवला. निघू या का, निघू या का, असं मी घड्याळ दाखवत विचारत होते. माझं डोकं मंद ठणकत होतं आणि गाडी चालू असली की ते जरा विसरायला होत होतं. थांबलं की दुखायचं.

संध्याकाळी पुगा. दरीभर जमिनीतून वाफा निघताहेत आणि हवेला गंधकाचा वास. मुक्काम एका मातीच्या घरात होता, मध्ये शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी. गोवऱ्या याकच्या, पण धुराचा वास आंजीचाच. जेवायला थुक्पा, म्हणजे शेवया घातलेलं गरम सूप. कुंदाताईने एक घोट घेतला, डबा उघडला आणि त्यात जवसाची चटणी घातली. मग घरच्या बाईच्या वाटीत घातली. मग नोर्बूच्या. डबा तिथेच निम्मा झाला.

सगळे पोटभर जेवून शेगडीभोवती बसले होते. घरची बाई भांडी घेऊन बाहेर गेली, नोर्बू गाडीकडे गेला. मला वाटलं, हाच तो निवांतपणा. आणि मी ते बोलले. वाईट तऱ्हेने बोलले, जसं निरोप्याने बोलावं तसं. वरची खोली रिकामीच आहे, ताई. प्रभाकर म्हणत होते, तुमच्या पायाचं असं झालं. वावराला गिऱ्हाईक आहे म्हणत होते.

ती शेगडीकडे पाहत होती. "प्रभाकर म्हणत होता. अन् तू काय म्हणून राह्यली?"

"मलाही वाटतं की..."

"काय वाटते?"

काय वाटतं ते मला माहीत नव्हतं. मी या निरोपाचा इतका विचार केला होता, तो केव्हा द्यावा, कसा द्यावा याचा, पण माझं स्वतःचं मत त्यात कुठे बसवायचं ते ठरवलंच नव्हतं. कुंदाताई उठली, शाल पांघरली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. आत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "झोप आता."

पांढरं तळं

सकाळी उठल्यावर मला घराच्या मागे जाऊन उलटी करावी लागली. तोंड धुऊन, ओठांना व्हॅसलिन लावून गाडीत बसले. कुंदाताई माझ्याशी बोलत नव्हती, त्यामुळे तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंही नव्हतं. खरं सांगायचं तर ते मला सोयीचंच वाटलं.

खिंड ओलांडून उतरलो आणि त्सो कार दिसलं. त्सो म्हणजे तळं, कार म्हणजे पांढरं. काठाने मिठाचा थर पसरलेला, जणू कोणी रांगोळी सांडून ठेवली आहे आणि आवरायला विसरलं आहे. मध्ये गडद निळं पाणी. चहूकडे माळरान, इतकं रुंद की पलीकडचे डोंगर खेळण्यातले वाटावेत. याच माळावर माझे घोडे असायला हवे होते.

नव्हते. आम्ही कच्च्या रस्त्याने तळ्याला अर्धा वळसा घातला. बिळाच्या तोंडाशी उभे राहून ओरडणारे गुबगुबीत मार्मोट दिसले, दूर पाण्यात लांब मानेचे दोन क्रौंच दिसले. मेंढ्याबकऱ्यांचा कळप हाकणारी एक बाई भेटली. नोर्बूने तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलून घेतलं आणि सांगितलं, काल बऱ्याच गाड्या आल्या होत्या, मोबाईल घेऊन मागे लागल्या, सगळे वर निघून गेले. "शायद शाम को आएँ. शायद कल."

उद्या आम्हाला परत फिरायचं होतं. मी गाडीच्या काचेला कपाळ लावून बसले. डोक्यात कोणीतरी मुसळ चालवावं तसं होत होतं. आणि मग मला ते दिसले. रस्त्यापासून खूप आत, उन्हाच्या झळीत थरथरणारे तांबूस ठिपके.

"तिकडे घ्या," मी म्हटलं.

नोर्बूने मान हलवली. "मैडम, गाड़ी रास्ते से नीचे नहीं जाती. मना है. और ज़मीन भी कच्ची है."

"थोडं आत."

"नहीं मैडम."

त्याचं बरोबर होतं. मला ते तेव्हाही कळत होतं. पण गाडी थांबली होती, माझ्या शेजारी एक माणूस कालपासून गप्प बसलं होतं, डोकं फुटत होतं, आणि मला तिथे आणखी एक क्षणही बसणं शक्य नव्हतं. मी दार उघडलं आणि चालायला लागले.

मागून नोर्बूने हाक मारली. कुंदाताईनेही मारली. मी ठिपक्यांवर नजर ठेवून चालत होते. पहिल्यांदा बरं वाटलं. मग पाय आपल्या मनाने पडायला लागले, एक इकडे एक तिकडे, दारू प्यायल्यासारखे. जमीन वर आली आणि मी बसले. पडले नाही, बसले, असं मी पुढे बरेच दिवस सांगत होते.

मी बसलेली पाहून नोर्बूने नियम बाजूला ठेवला आणि गाडी माळावर घातली. माझ्यापर्यंत पोचायच्या जरा अलीकडेच वरचा मिठाचा पापुद्रा फुटला आणि पुढची दोन्ही चाकं काळ्या चिखलात गेली. त्याने मागे घेतली, पुढे घेतली. चाकं आणखी खाली गेली. गाडीच्या आवाजाने ठिपके हलले आणि डोंगराच्या पोटात दिसेनासे झाले.

कुंदाताई लंगडत माझ्यापर्यंत आली. "उभी राह्य," म्हणाली. तिने धरून उभं केलं. नोर्बूने मला दहा पावलं सरळ चालून दाखवायला सांगितलं. मला दोन जमली नाहीत. त्याचा चेहरा बदलला. त्याने गाडीतून छोटा ऑक्सिजनचा डबा आणून माझ्या तोंडाला लावला आणि कुंदाताईला म्हणाला, "इनको नीचे ले जाना है, अभी. मैं आदमी लेकर आता हूँ. इनको सोने मत देना." आणि तो त्या कळपवाल्या बाईच्या तंबूंच्या दिशेने पळत सुटला.

मग तिथे आम्ही दोघीच. गाडीच्या सावलीला थंडी वाजत होती म्हणून कुंदाताईने मला उन्हाच्या बाजूला चाकाला टेकवून बसवलं आणि स्वतः शेजारी बसून माझे दोन्ही हात आपल्या हातात धरले.

"कवापासून दुखून राह्यलं?"

"लेहपासून."

"अन् बोलली काऊन नाई?"

माझे डोळे मिटत होते. मिटले की ती हाताला चिमटा काढायची.

"झोपू नको. आईक. मी पडली होती ना वावरात, त्या दिवशीचं सांगून राह्यली तुले. कोणाले नाई सांगितलं." तिचा आवाज बाजारात बोलते तसा मोठा होता, मला जागं ठेवायला. "पाय उचलेच ना. दोनदा ओरडली, कोणी नाई. मग रोही आला. मोठा नर. मी गवारीच्या मधात पडेल, अन् थो माह्या बाजूनं गवार खाऊन राह्यला. हाट म्हणाले गेली तर तोंडातून आवाज निघेना. त्यानं एकदा माह्याकडं पाह्यलं. मग पुन्हा खाऊ लागला. मले भेव लागलं वंदना. रोह्याचं नाई. आपून हाट म्हणतो अन् आवाज निघत नाई, याचं."

मी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. ती घाबरली असेल असं आमच्या घरात कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही तिला हट्टी धरून चाललो होतो.

"तवापासून रोज वाटते, निघून यावं तुमच्याकडं. मंग वाटते, वावराशिवाय आपल्याले करमन का? आपून कधी चार रोज तरी सोडलं का थे? म्हणून तुया संगं आली. घोडेबिडे काय, मले सोडून पाहाचं होतं. जमते का म्हणून."

"जमलं?" माझी जीभ जड झाली होती.

तिने माझा हात दाबला. "पाह्य तिकडं," म्हणाली, आता अगदी हळू.

ते आले होते. कुठून आले ते मी पाहिलं नाही. बहुधा ते पाण्यावर जायच्या वाटेवर होते आणि आमची गाडी आता नुसती एक निपचित वस्तू होती. आमच्या घरापासून समोरच्या किराणा दुकानापर्यंत जेवढं अंतर, तेवढ्यावर. पाठीचा तांबडा रंग पोटाच्या पांढऱ्याला जिथे मिळतो तिथे रेघ ओढल्यासारखी. आयाळ ताठ, आखूड. एक पिल्लू आईच्या पोटाखाली तोंड घालत होतं आणि ती चालता चालताच त्याला पाजत होती. सगळ्यात पुढचा थांबला, आमच्याकडे मान वळवून पाहिलं. नाकपुड्यांचा फर्रर्र आवाज मला ऐकू आला. माझ्या डोळ्यांना एकेकाचे दोन दिसत होते, त्यामुळे कळप केवढा होता ते मी सांगू शकत नाही. मोबाईल गाडीत होता. उठणं शक्य नव्हतं, आणि माझे हात कुंदाताईने सोडलेही नव्हते.

"वंदना," ती कुजबुजली. "हे गाढवं आहेत."

ते खरंच आहे. प्राणिशास्त्राच्या हिशेबाने कियांग म्हणजे रानगाढव. तिकडचे लोक घोडा म्हणतात. मला ते आधीपासून माहीत होतं आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण गाढवं पाहायला लडाखला जाते असं म्हटलं असतं तर प्रभाकरने तिकीट काढूच दिलं नसतं. मला हसू आलं. हसताना डोक्यात कळ गेली. कुंदाताईही हसत होती, तोंडाला पदर लावून, आवाज न करता. ते सगळे शांतपणे आमच्या समोरून गेले, पाण्याकडे. पळाले नाहीत.

उतार

नोर्बू तंबूतले पुरुष घेऊन आला. फावडी, दगड, दोर. मोठ्या रस्त्यावरून रस्ताबांधणीचा एक ट्रकही आणला, त्यातले मजूर झारखंडचे होते. कुंदाताई मला सोडून उठली नाही, तिथूनच कोणी कोणता दगड कुठे ठेवावा ते ओरडून सांगत होती. कोणी ऐकत नव्हतं. गाडी निघाली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. उतरायला आधी खिंडीवर चढावं लागतं, हे मला फार अन्यायाचं वाटत होतं आणि मी ते नोर्बूला पुन्हा पुन्हा सांगत होते. नदीकाठच्या एका लष्करी तळावर दवाखाना होता. तरुण डॉक्टर, इंजेक्शन, नाकाला नळी. डॉक्टर कुंदाताईला म्हणाला की वेळेवर आणलंत. ती त्याला म्हणाली, "मैंने नहीं लाया, उस लडके ने लाया," आणि नोर्बूकडे बोट दाखवलं. नोर्बू दारात उभा राहून बोटं मोडत होता. मला बघवेना त्याच्याकडे. मी त्याची माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "मैडम, आप वापस आना. दो दिन आराम करके."

दुसऱ्या दिवशी खाली लेहला आणलं. मी आंगमोच्या घरात पडून होते आणि खिडकीतून कुंदाताईचा आवाज येत होता. ती मळ्यात उभी राहून प्रभाकरशी फोनवर बोलत होती.

"बरी आहे तुही बायको. खाऊन राह्यली... अन् तुया निरोप पोचला मले." थोडा वेळ ती ऐकत राहिली. "नाई. आईक माह्यं. मी वावर सोडून पाह्यलं. सोडता येते. मले वाटलं जीव जाईन, काई नाई झालं, चांगली झोप लागते. आता समजलं ना, सोडता येते म्हणून. मंग आता राहाले काय हरकत आहे? जवा नाई जमणार तवा मीच येईन, तू नको सांगू."

प्रभाकर काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. पण फोन ठेवून ती वर आली, माझ्या उशाशी बसली आणि म्हणाली, "त्याले समजलं का नाई, देव जाणे. तुले समजलं?"

"हो," मी म्हटलं. या वेळी मला माझं मत माहीत होतं.

"मंग एक काम कर. मले रोज सकाळी फोन करजो. उचलला तर ठेवून दे, बोलाची गरज नाई. नाई उचलला तर येजो."

वर्धा

उतरलो तेव्हा फलाटावर भट्टीसारखा वारा होता. प्रभाकरने आधी बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही बॅगा उचलल्या. कुंदाताईला आंजीच्या एसटीत बसवून आम्ही ऑटोत बसल्यावर मी त्याला वावरातलं, रोह्याचं सगळं सांगितलं, आणि म्हटलं की आता हा विषय माझ्याकडून निघणार नाही आणि त्यानेही काढू नये. घर आल्यावर म्हणाला, "रोह्याच्या वेळी थे ओरडली अन् आवाज नाई निघाला, असं म्हणाली थे तुले?" मी हो म्हटलं. तो अंगणात जाऊन उभा राहिला.

शाळा उघडली. रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी मी फोन लावते. दोन घंटा वाजतात, ती "हां" म्हणते, मी ठेवते. असे काही दिवस गेले. मग एक दिवस तिने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मी गॅस बंद केला, स्कूटी काढली आणि प्रभाकरला सांगायलाही न थांबता निघाले. आंजीचा रस्ता मला कधी इतका लांब वाटला नव्हता. वाटेत एका एसटीच्या मागे अडकले तेव्हा मी मोठमोठ्याने काहीतरी बोलत होते, काय ते आठवत नाही.

गावाच्या अलीकडे फोन वाजला. बाजूला घेऊन उचलला.

"दोन फोन दिसून राह्यले तुहे," कुंदाताई म्हणाली. "फोन विहिरीवर राह्यला होता. कुठी आहेस?"

"रस्त्यात. आंजी आलीच."

पलीकडे विहिरीवरच्या मोटारीचा आवाज थांबला.

"आलीच आहेस तर ये," ती म्हणाली. "बाजाराचा गाडीवाला येऊन बसला आहे अन् निम्मी गवार तोडाची आहे माही."

मी गेले. तिने माझ्याकडे पाहिलं, कमरेला बांधलेल्या ओटीतली गवार टोपलीत ओतली, दुसरा एक दुपट्टा माझ्याकडे फेकला आणि कोणत्या बाजूने सुरू करायचं ते मानेने दाखवलं. पहिल्या तासाला उशीर होणार होता. मी दुपट्टा कमरेला बांधला आणि वाकले.